हवेच्या होडीतील विजेच्या तारा
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना तो फारच क्षुल्लक वाटेल. हवेने फुगवलेल्या रबरी होडीत वीज असून असून ती किती असणार? एक बॅटरी, एकदोन दिवे, आत शिरलेले पाणी उपसणारा एक छोटा पंप आणि ह्या सर्वांना जोडणारी पाचसहा मीटर वायर. आपल्या घरातील माजघरातसुद्धा ह्याहून अधिक वायर असते. परंतु माजघराच्या भिंती हलत नाहीत, उन्हात फुगत नाहीत आणि संध्याकाळी आक्रसतही नाहीत. ह्या होडीच्या भिंती ते सर्व करतात, आणि तेथूनच आजच्या विषयाला आरंभ होतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगली-कोल्हापूरपासून आमच्या बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी, रायबाग, अथणी ह्या तालुक्यांपर्यंत असंख्य लोकांनी ही होडी प्रथमच जवळून पाहिली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान घरांच्या छपरांवरून माणसे उतरवून घेत होते, ते ह्याच होड्यांत. पुढे नदीकाठच्या एका गावातील तरुणांनी वर्गणी जमवून तशीच एक लहान होडी, सुमारे पावणेचार मीटर लांबीची, विकत घेतली. दिवा व पंप त्यांनी गावातच बसवून घेतला. २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा पात्राबाहेर आली. एके रात्री मळ्यातील वस्तीवरून एका कुटुंबाला आणीत असता भर प्रवाहात होडीवरचा दिवा एकाएकी विझला आणि त्याच क्षणी पंपही थांबला. इंजिन दोरी ओढून चालू करावयाचे असल्यामुळे ते तेवढे चालत राहिले. पण बुडालेल्या उसात विजेचे खांब कोठे आहेत, बांधावरची बाभूळ कोठे आहे, हे काही केल्या दिसेना. काठावरच्या शहाण्या माणसांनी दोन ट्रॅक्टर आणून त्यांचे दिवे पाण्याकडे वळवले, आणि त्या उजेडाच्या रोखाने होडी कशीबशी आली.

पूर ओसरल्यावर ती होडी माझ्याकडे दुरुस्तीस आली. बॅटरी भरलेली होती, दिवा शाबूत होता, पंपही शाबूत होता. तळफळी उचलली तेव्हा दोष उघडा पडला. पंपाकडे जाणारी दुपदरी वायर तळफळीची कड आणि होडीची फुगीर बाजू ह्यांच्या फटीत घातलेली होती. बसवणाऱ्याला ती जागा अगदी सोयीची वाटली असणार: वायर दिसत नाही, पायात येत नाही आणि तिला बांधावेही लागत नाही. त्या फटीत आवरण घासून निघाले होते, दोन्ही पदरांतील तांबे उघडे पडून एकमेकांस चिकटले होते. दिवा व पंप ह्या दोहोंस मिळून एकच फ्यूज होता, तो उडाला आणि पंपाच्या दोषापायी दिवाही गेला. पण मला खरी धडकी भरली ती वायरीकडे पाहून नव्हे, तिच्या समोरची होडीची बाजू पाहून. तेथे रुपयाएवढ्या जागेतील रबर झिजून आतील कापडाचे दोरे दिसू लागले होते. आणखी काही फेऱ्या झाल्या असत्या तर दिव्याबरोबर हवाही गेली असती.

वायर आणि पाणी ह्यांचे वैर सर्वांस ठाऊक आहे, आणि म्हणून होडीत वायर बसवणारा प्रत्येक जण पाण्याचा बंदोबस्त करतो. माझा अनुभव असा की, ह्या होडीत पहिला वार हालचाल करते. पाणी मागाहून त्या जखमेत शिरते. हालचालीचा बंदोबस्त झाला नाही, तर पाण्याविरुद्ध केलेले सारे उपाय फुकट जातात.

ही हालचाल किती असते, हे समजण्यासाठी होडीची घडण थोडी ध्यानात घ्यावी लागेल. बाजूच्या फुगीर नळकांड्याला कारागीर ट्यूब म्हणतात. आपणही तेच नाव वापरू. ही ट्यूब पॉलिएस्टर किंवा नायलॉनच्या मजबूत कापडावर पीव्हीसीचा अथवा हायपॅलॉन नावाच्या कृत्रिम रबराचा लेप देऊन बनवलेली असते, आणि आत पडदे घालून तिचे स्वतंत्र कप्पे केलेले असतात, म्हणजे एक फुटला तरी होडी तरंगत राहते. आतील हवेचा दाब मोटारीच्या चाकातील दाबाच्या जेमतेम दशांश, पाव बारच्या आसपास असतो. आता हवेचे तापमान दहा अंशांनी वाढले की हा दाब जवळजवळ एक-षष्ठांशाने वाढतो. उन्हात वाळूवर ठेवलेली होडी दहाच काय, वीस अंशांनीही तापते. आणि थंड पाण्यात लोटली की ती पुन्हा आक्रसते. म्हणजे ट्यूब आणि तळफळी ह्यांमधील फट दिवसातून अनेकदा उघडते व मिटते. त्यात लाटांचे हेलकावे, इंजिनाची थरथर आणि पायांबरोबर आलेली वाळू ह्यांची भर पडते. वाळूचे कण, दाब आणि सतत मागेपुढे होणे, हे तिन्ही जेथे जमले तेथे सुताराचा घासकागद तयार झालाच. त्या फटीत वायर घालणे म्हणजे ती जात्यात घालणे होय.

लाकडी होडीत हा प्रश्न इतका बिकट नसतो, कारण तेथे फळीला खिळा मारता येतो. ट्यूबला खिळा मारावा कोठे? साऱ्या होडीत स्क्रू बसू शकेल अशी जागा एकच, ती म्हणजे इंजिन टांगावयाची मागची जाड फळी. आणि म्हणूनच सर्व लोक सर्व वस्तू तेथेच ठोकीत सुटतात. इंग्लंडातील जीवरक्षक नौकांची संस्था, आरएनएलआय, हिने १९६३ साली किनाऱ्यालगतच्या बचावासाठी हवेच्या होड्या वापरावयास सुरुवात केली, आणि पुढे १९७२ मध्ये तिच्याकडे टणक तळ व त्याभोवती हवेची ट्यूब अशा जातीची होडीही आली. त्या टणक तळाचे मुख्य कारण लाटांवरील वेग हे होते. पण वायर बसवणाऱ्यालाही त्याने हक्काची जागा मिळवून दिली. गावोगावच्या संपूर्ण घडी होणाऱ्या होड्यांत मात्र ती सोय नाही.

मग वायर न्यावी कोठून? प्रथम कोठून नेऊ नये ते सांगतो. तळफळी व ट्यूब ह्यांच्या फटीतून नको, हे आलेच. उघड्या तळावरून नको, कारण तेथे पाय, नांगर आणि पेट्रोलची टाकी ह्यांचे राज्य असते. आणि ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला जी दोरी ओवलेली असते, तिला तर वायर कदापि बांधू नये. ती दोरी पाण्यात पडलेल्या माणसाने धरावयाची असते. जीव वाचवण्यासाठी जिला हात घालावयाचा त्या दोरीत वायर गुंतवणे, हा मी अपराधच समजतो. आणि तरीही ही चूक मी अनेक होड्यांवर पाहिली आहे.

योग्य जागा म्हणजे ट्यूबचा आतला खांदा. तळापासून वर आणि बसण्याच्या जागेच्या किंचित खाली असा जो गोलावा असतो, तेथे ट्यूबच्याच जातीच्या कापडाची हातभर लांब व चार बोटे रुंद पट्टी, दोन्ही कडा चिकटवून मध्ये बोगदा राहील अशी बसवावी. अशा पट्ट्या एकापुढे एक लावीत गेले की वायरीसाठी कापडी मार्ग तयार होतो. बोगद्यातून आधी मऊ, पन्हाळीदार प्लॅस्टिकची नळी न्यावी आणि नळीतून वायर. म्हणजे ट्यूबला घासली तर नळी घासेल, वायर नव्हे. आणि नळी गुळगुळीत असल्यामुळे ट्यूबही झिजणार नाही. नळीच्या सर्वांत सखल जागी एक भोक ठेवावे, कारण आत शिरलेले पाणी बाहेर पडण्यास वाट हवी. नळीतून एक रिकामी दोरीही ओढून ठेवावी. पुढे कधी नवी वायर घालावी लागली तर ती दोरी उपयोगी पडते.

चिकटवण्याचे काम मात्र अंगचे समजू नये. पीव्हीसीला पॉलियुरेथेन जातीचा आणि हायपॅलॉनला निओप्रीन जातीचा, असा दोन द्रवांचा मिश्र गोंद लागतो. एकाचा गोंद दुसऱ्यास चालत नाही. ‘जागा स्वच्छ पुसा, हलका घासकागद मारा, पुन्हा पुसा, पातळ थर द्या, तो वाळू द्या, मग दुसरा द्या’ एवढे डब्यावर लिहिलेलेच असते. परंतु आपल्याकडच्या माणसाने विशेष जपावयाचे ते हवेतील दमटपणास. हवेतील आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की गोंदाच्या थरावर न दिसणारा ओलावा धरतो आणि पट्टी महिन्याभरात कातड्यासारखी सोलून निघते. कोकणात व गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम करूच नये. डिसेंबर-जानेवारीतील दुपार, दव पूर्ण उडून गेल्यानंतरची, ही सर्वांत चांगली वेळ. आणि चिकटवल्यावर निदान एक अहोरात्र त्या जागेला हात लावू नये. पूर येण्याची वार्ता ऐकून धावाधाव करणाऱ्यास ही वेळ साधत नाही, हे उघडच आहे.

वायरीला आधार किती अंतरावर हवा, ह्याविषयी नौकाबांधणीच्या अमेरिकन मानकात अठरा इंचांची, म्हणजे सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटरची मर्यादा सांगितली आहे. ती टणक नौकांपुरती ठीक. हवेच्या होडीत मी त्याच्या निम्मे अंतर धरतो. तसेच आधारांमध्ये वायर तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली नसावी. दोन्ही टोकांस वीतभर सैल वेटोळे ठेवावे. ट्यूब फुगली तर ती लांबी तिला देता आली पाहिजे. इंजिनाकडे जाणाऱ्या वायरीत तर इंजिन दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे आणि मगच ती कापावी. प्लॅस्टिकचे टाय वापरावयाचे असतील तर ते पट्टीवर किंवा नळीवर बसवावेत, आणि त्यांचे उरलेले शेपूट अगदी सपाट कापावे. तिरपे कापलेले शेपूट वस्तऱ्यासारखे असते. हाताला ओरखडा आला तर औषध लावता येते, ट्यूबला आला तर होडी काठाला ओढावी लागते.

आता वायर कोणती घ्यावी? घरात वापरतो ती मुळीच नव्हे. घराची वायर मोजक्या जाड तारांची असते. थरथरीने ती आतल्या आत मोडते आणि बाहेरून अभंग दिसते. होडीसाठी बारीक बारीक तारांची, लवचीक, आणि प्रत्येक तारेला कल्हई केलेली वायर मिळते. पितळेच्या पातेल्याला कल्हई का करतात, हे आपल्या घरातील कोणतीही वडील स्त्री सांगेल. तेच कारण येथे. नुसत्या तांब्याच्या वायरीचे एक टोक ओले झाले की ओल दिव्यातील वातीप्रमाणे आवरणाच्या आतून वर चढते, आणि हातभर अंतरावर सोलून पाहिले तरी तांबे काळे पडलेले आढळते.

जाडीचा हिशेब सोपा आहे. हवे तर कागद-पेन्सिल घ्या. वजनाचा तोल राखण्यासाठी बॅटरी पुढे ठेवली आणि पंप मागे, तर अंतर चार मीटर आणि जाऊन-येऊन तांबे आठ मीटर. पंप तीन अँपिअर घेतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर घातली तर बारा व्होल्टांपैकी सुमारे ०·८ व्होल्ट, म्हणजे शेकडा सात, वाटेतच खर्च होतात आणि पंप मलूल चालतो. दीड चौरस मिलिमीटरची घातली तर हीच तूट ०·३ व्होल्टच्या आत येते. महत्त्वाच्या उपकरणांसाठी शेकडा तीनपेक्षा अधिक तूट होऊ नये असा दंडक आहे, आणि बुडणाऱ्या होडीतील पंपाहून महत्त्वाचे उपकरण दुसरे कोणते?

फ्यूजविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. तो पंपाचे रक्षण करतो असे लोक मानतात. वस्तुतः तो वायरीचे रक्षण करतो. मोटारीची साधी बॅटरीसुद्धा तारा एकमेकांस भिडल्या तर कित्येक शे अँपिअर सोडू शकते, आणि क्षणात वायर निखाऱ्यासारखी लाल होते. त्याच होडीत पेट्रोल असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे उडून न जाता तळाशी साचते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी लगत, वितीच्या आत बसवावा, आणि पुढे प्रत्येक उपकरणास त्याच्या मापाचा स्वतंत्र फ्यूज द्यावा: पंपाला पाच अँपिअर, एलईडी दिव्याला दोन-तीन. वर सांगितलेल्या होडीत हे केलेले असते, तर पंप गेला असता, दिवा राहिला असता, आणि ट्रॅक्टर आणावे लागले नसते.

सांध्यांबद्दल माझे आणि जुन्या रेडिओ कारागिरांचे एकमत कधीच होत नाही. ते म्हणतात, झाळकाम करा. झाळल्याशिवाय सांधा कसला? टेबलावर ठेवलेल्या रेडिओपुरते ते खरे आहे. पण झाळ वायरीच्या तारांत थोडी वर चढते आणि जेथे ती संपते तेथे लवचीक वायर एकाएकी ताठ होते. होडीच्या थरथरीत वायर नेमकी तेथेच मोडते. त्यापेक्षा योग्य मापाची कल्हईची टोपी पकडीने दाबून बसवावी, आणि तिच्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नळीच्या दोन्ही तोंडांतून गोंदाचे मणी बाहेर आले म्हणजे सांधा बंद झाला असे समजावे. जेथे वायर वरून उपकरणाकडे येते तेथे ती आधी थोडी खाली उतरवून मग वर न्यावी. वायरीवरून ओघळणारे पाणी त्या सखल वळणावर ठिबकून जाते, उपकरणात शिरत नाही.

येथवर मी नदीच्या गोड्या पाण्याविषयी बोललो. गोव्यातील श्रोत्यांचे प्रकरण निराळे आहे. मांडवी-जुवारीच्या मुखापाशी पावसाळ्यात पाणी बरेच गोडे होते, पण उन्हाळ्यात ते जवळजवळ समुद्राचेच असते; आणि समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. असे पाणी गोड्या पाण्याच्या शंभरपटीने किंवा त्याहूनही अधिक विजेला वाट देते. धन तारेवरील आवरणाला सुईएवढे भोक पडले तरी तेथून वीज गळू लागते आणि तेवढ्या जागेतील तांबे विरघळत जाते. म्हणूनच नांगरल्यावर बॅटरीचा मुख्य खटका बंद केलाच पाहिजे. दिवे बंद केले म्हणजे झाले असे नव्हे.

ह्या संदर्भात गोव्यातील एका हौशी गृहस्थांची होडी मला आठवते. त्यांनी प्रत्येक सांध्यावर स्नानगृहातील फरशांच्या फटी भरावयाचे सिलिकोन हातभर थापले होते आणि ते मला अभिमानाने दाखवीत होते. मी वास घेतला. शिर्क्याचा आंबूस वास आला. गोव्यात शिर्का घराघरांतून असतो, तेव्हा त्यांनाही तो ओळखता आला असता. त्या जातीचे सिलिकोन सुकताना शिर्क्यातील आम्लच सोडते आणि ते तांब्याला खाते. वरून अभेद्य दिसणारा गोळा कापला तेव्हा आत हिरवी पूड निघाली. वायरीसाठी आम्ल न सोडणारे सिलिकोन निराळे मिळते. तेही फळीतील स्क्रूंची भोके बुजवण्यासाठी वापरावे, सांध्याची उणीव झाकण्यासाठी नव्हे.

कोणी विचारील, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा स्वतःचीच छोटी बॅटरी असलेला सुटा दिवा का लावू नये? अवश्य लावावा. अगदी लहान होडीत सर्वोत्तम वायर ती, जी घातलीच नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार सात मीटरांहून लहान आणि ताशी सात नॉटपेक्षा अधिक वेग नसलेल्या यांत्रिक नौकेस सर्व बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो. शक्य असल्यास डावीकडे लाल व उजवीकडे हिरवा, हेही तो नियम सांगतो. मात्र इंजिन मोठे बसवून वेग वाढवला की ही सवलत संपते. आणि पंपाला तर वायर टळत नाहीच.

ती टळत नाही म्हणून निदान ती सुटी होणारी करावी. कृष्णाकाठच्या त्या होडीत मी शेवटी असे केले: बॅटरी, खटका आणि फ्यूज हे सारे हवा खेळती राहील अशा एका पेटीत घालून ती पेटी पट्ट्यांनी तळफळीस बांधली, तेथून पंप व दिवा ह्यांकडे जाणाऱ्या दोन वायरी जलाभेद्य जोडण्यांनी सुट्या होतील अशा ठेवल्या. दोन जोडण्या मुद्दाम निरनिराळ्या आकारांच्या निवडल्या, म्हणजे अंधारात एकीत दुसरी बसणार नाही. होडीची घडी करताना दोन्ही वायरी काढून गुंडाळून पेटीत ठेवावयाच्या; वायरीसकट घडी केली तर घडीच्या रेषेवर वायर मुडपते आणि ट्यूबही चेपते. झिजलेल्या जागेवर ठिगळ लावले आणि वायर ट्यूबच्या खांद्यावर नेली.

आता ते तरुण मे महिन्याच्या अखेरीस शाळेच्या पटांगणात होडी फुगवतात. पंप पाण्याच्या घमेल्यात ठेवून चालू करतात आणि तो चालू असतानाच बॅटरीवर व पंपाच्या जोडणीवर व्होल्टमीटर लावतात; दोहोंत अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर कोठेतरी सांधा कुजला असे धरून शोध सुरू करतात. मग सूर्य मावळल्यावर एक जण दिव्यावर नजर ठेवून बसतो आणि दुसरा नाळेपासून मागच्या फळीपर्यंत वायर वीत वीत हाताने हलवीत जातो. दिवा लुकलुकला की पहिला ओरडतो, आणि दुसरा तेथेच खडूने खूण करतो.